फौजदाराचं मीठ

ताट जसं गेलं होतं तसंच परत आलं. भाकरीचा कोपराही मोडलेला नव्हता. आमटीवर तेलाचा तवंग थिजून बसला होता आणि ताटाच्या वरच्या अंगाला वाढलेलं चिमूटभर मीठ होतं तसंच होतं.

"आजही नाही?" मी विचारलं.

"तांब्याभर पाणी प्यायली. अन्नाला शिवत नाही." ह्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि पाटावर बसले. "माझ्यासमोर दरोडेखोर जेवलेत. सख्ख्या भावाला विहिरीत ढकललेला माणूस दोनदा भात मागून जेवला. ही बाई जेवत नाही."

"भूक नसेल."

"परवापासून?"

हे तेव्हा माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदार होते. ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागूनच आमचं क्वार्टर. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पत्र्याची पडवी. ज्या बाईबद्दल आम्ही बोलत होतो ती त्याच पडवीत, भिंतीला टेकून, घोंगडीवर बसली होती.

गोजराबाई तिचं नाव. मेंढरं राखणारी माणसं. तिची मेंढरं एका बड्या बागायतदाराच्या उसात शिरली. बागायतदाराच्या पुतण्याने रागाच्या भरात एक कोकरू उचलून बांधावर आपटलं. गोजराबाईच्या मुलाने, सिदाने, कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्याच्या डोक्यात घातला. पुतण्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपला आणि सिदा पळाला. झालं ते एवढंच, पण बागायतदाराचा हात वरपर्यंत पोचलेला. आमच्या ठाण्यातला फोन दिवसभर वाजत होता.

मुलगा सापडत नसला की आईला आणून बसवायचं, ही पोलिसांची जुनी रीत. कागदावर काही नसतं. कागदावर गोजराबाई आपल्या मेंढरांमागे हिंडत होती. प्रत्यक्षात ती माझ्या पडवीत होती, कारण ठाण्यात बायकांची कोठडी नव्हती आणि पुरुषांच्या कोठडीत तिला बसवायला हे तयार नव्हते.

"उद्या दुपारी जिल्ह्याची पार्टी येतेय," हे जेवता जेवता म्हणाले. "तोवर बोलली तर बरं. नाहीतर ते घेऊन जातील तिला."

जिल्ह्याच्या त्या पोलीस पार्टीचं नाव काढलं की आमच्या लाइनीतल्या बायकासुद्धा विषय बदलायच्या. आदल्या वर्षी त्यांनी शेजारच्या गावातली एक बाई नेली होती, नवऱ्याचा पत्ता काढायला. परत आली तेव्हा तिची बोटं वळत नव्हती. भाकरी थापता येईना म्हणून ती माहेरी जाऊन राहिली.

ह्यांनी आमटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान न वळवता हात पुढे केला. मी मिठाचा सट सरकवला. तिखटाला ह्यांची जीभ माफ करायची, मिठाला कधी नाही. कणभर कमी पडलं तरी हात पुढे यायचा.

हे कधी कुणाला मारत नसत. आमच्या ठाण्यात पिठाच्या गिरणीचा एक जुना पट्टा होता, हवालदार खिलाऱ्यांच्या ताब्यातला. त्याचं नाव हरिश्चंद्र. अंगावर पडला की माणूस खरं बोलतो म्हणून. आम्ही इथे बदलून आलो तेव्हापासून हरिश्चंद्र खुंटीवर होता आणि खिलाऱ्यांना त्याचं वाईट वाटे. अधूनमधून ते त्याला तेल लावून ठेवत.

न मारण्याचं कारण ह्यांनी मला लग्नानंतर सांगितलं होतं. पहिल्याच नेमणुकीवर बैलचोरीच्या संशयावरून एकाला आणलं. दिवसभर मारल्यावर त्याने कबूल केलं. बैल कुठल्या बाजारात विकला, किती घेतले, घेणाऱ्याच्या मिशा कशा होत्या, सगळं बयाजवार सांगितलं. हे लोक बाजाराकडे निघाले तर समोरून बैल आपला आपण घरी चालत येत होता. दावं तोडून कुठेतरी चरायला गेला होता. "बैल परत आला, पण त्या माणसाचा उजवा हात काही सरळ झाला नाही," हे म्हणाले होते. "मारलं की माणूस आपल्याला हवं ते बोलतो. खरं बोलायला त्याला दुसरं काहीतरी लागतं."

ते दुसरं काहीतरी म्हणजे माझा स्वयंपाक.

आरोपी आणला की हे घरून दोन ताटं मागवत. कोठडीचं दार उघडं ठेवून, जमिनीवर मांडी घालून, त्याच्याबरोबर जेवत. पाऊसपाणी, पोरंबाळं, असलं काहीतरी बोलत. ताट रिकामं झालं की हात धुऊन म्हणत, "बाबा, माझं मीठ खाल्लंस. आता सांग." आणि माणसं सांगत. काही रडत रडत सांगत. एक घरफोड्या सात वर्षांची शिक्षा घेऊन गाडीत चढताना मला म्हणाला, "वहिनी, आमटी मात्र झकास असती तुमची." मी तेव्हा खूश झाले होते. माझ्या माहेरी हे सांगून मी भाव खाल्ला होता. नवरा पोलिसात असून हात उचलत नाही, यापेक्षा बाईला आणखी काय हवं?

घरातही तीच भाषा. उशीर का झाला, पत्ते खेळत होता का, असं मी विचारलं की म्हणत, "तुझ्या हातचं मीठ खातो बाई. तुझ्याशी खोटं बोलवतच नाही." आणि खरंच नसत बोलत. पत्ते खेळले असले तर किती हरले तेसुद्धा सांगत.

दुपारी मी सुपात ज्वारी घेऊन पडवीत निवडायला बसले. गोजराबाईने थोडा वेळ पाहिलं, मग हात पुढे करून सूप आपल्याकडे ओढलं.

"दे हिकडं. नुसतं बसून ऱ्हायची सवं न्हाई मला."

तिची बोटं जाड, काळी, आणि दाण्यातून अशी फिरत होती की खडा दिसायच्या आधी बाजूला पडायचा. पन्नाशीची असेल. उपासाने ओठ सुकले होते, पण पाठ ताठ होती.

"मावशी, माझ्या हातचं चालत नाही का तुम्हाला?"

"आगं न्हाई लेकी. तुज्या आमटीचा वास आला की पोटात खड्डा पडतूय."

"मग नुसती भाकरी तरी खा."

"भाकरीच्या पान्यात मीठ टाकतीस का न्हाई?"

"टाकते चिमूटभर. आमच्याकडे पद्धत आहे."

"मग कसं खाऊ?" ती म्हणाली. जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. "तुज्या मालकाचं मीठ खाल्लं म्हंजी त्यानं इचारल्यालं खोटं सांगता यायचं न्हाई. आन खरं तर मला सांगायचं न्हाई."

तिने एक खडा बाजूला टाकला.

"आमी फिरती मानसं. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. रानवाला मेंढरं बसवून घेतो, खत व्हतं त्याला. बदल्यात दानं देतो, मीठ देतो. त्याचं मीठ खाल्लं की त्याला फशिवायचं न्हाई, त्याच्यासंगं खोटं बोलायचं न्हाई. माज्या सासूनं मला शिकवलं, मी सिदाला शिकवलं. एवढ्याच इस्वासावर लोक आमाला रानात उबं करत्यात. ते मोडलं तर मेंढरं घिऊन जायचं कुटं?"

"आणि मार?" मी आवाज खाली आणला. "उद्या जे येणार आहेत ना, ते जेवायला घालत नाहीत मावशी."

"मारनाऱ्यासंगं कितीबी खोटं बोलावं. त्याचं काय देनं लागतूय आपन?" तिने सूप पाखडलं. कोंडा उडाला. "त्यांचं न्हाई भ्याव वाटत. तुजा मालक चांगला हाय. मारत न्हाई, शिवी देत न्हाई, मावशी म्हन्तो. त्याचंच भ्याव वाटतंय मला."

मी उठून आत आले. चुलीवर सकाळची आमटी होती, तिच्याकडे बघत राहिले. ह्यांना जे इतकी वर्षं आपलं कसब वाटत होतं, ते या बाईने पहिल्या ताटालाच ओळखलं होतं. खिलाऱ्यांचा पट्टा खुंटीला होता आणि ह्यांचा माझ्या चुलीवर शिजत होता. मला त्या आमटीचा राग आला. राग कुणाचा करायचा ते कळत नव्हतं म्हणून आमटीचा आला.

संध्याकाळी हे ओट्यावर बसले असताना मी चहा घेऊन गेले.

"उद्या सकाळी मी तिच्यासोबत पडवीतच जेवेन," हे म्हणाले. "तू बाईमाणूस, तू तिला समजाव. खाल्लं तर तिचं भलं आहे."

"आणि सिदाचं?"

"त्याचंही. पत्ता मला मिळाला तर मी जाऊन आणीन. जिवंत आणीन. जिल्ह्याच्या लोकांच्या हाती आधी लागला तर..." ह्यांनी वाक्य सोडून दिलं. "बागायतदाराने काय सांगून ठेवलंय ते मला माहीत आहे."

"तुम्ही जिवंत आणलात. मग पुढे?"

"पुढे कोर्ट."

"कोर्टातून?"

"कोठडी मिळते चौकशीला."

"कुणाला?"

ह्यांनी चहा बशीत ओतला. "मोठा गुन्हा आहे. जिल्हा मागणार."

"मागितला की मिळतो?"

"मिळतो."

"म्हणजे तुम्ही जिवंत आणायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा."

"अगं, मी फौजदार आहे. माझ्या हातात जेवढं आहे तेवढंच मी करणार ना? निदान हिची तरी बोटं वाचतील." आवाज चढला नव्हता, पण चहा बशीतच राहिला. हे खोटं बोलत नव्हते, नाहीतर मला सोपं गेलं असतं.

सकाळी मी लवकर चूल पेटवली. तुरीच्या डाळीची आमटी केली, वांगी केली, भाकऱ्या केल्या. फोडणी दिल्यावर हात सवयीने मिठाच्या सटाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. भाकरीच्या पाण्यातही टाकलं नाही. वांग्यातही नाही. कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. भीती मात्र भरपूर वाटत होती. हे जेवताना जीभ लावणार, हात पुढे करणार, आणि मग मला सट पुढे सरकवावा लागणार. सट सरकवला की गोजराबाईच्या ताटातही मीठ पडणार. त्यापुढचं मी काही ठरवलं नव्हतं.

ताटं वाढण्याआधी मी पडवीत जाऊन तिच्याजवळ बसले.

"मावशी, आज स्वयंपाकात मीठ नाही. आमटीत नाही, वांग्यात नाही, भाकरीतही नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मालकाला ठावं हाय?"

"नाही."

"कळलं तर मारंल तुला."

"ते मारत नाहीत."

"व्हय की," ती म्हणाली. "इसरलेच मी."

हे आंघोळ करून आले. टोपी, पट्टा काही नाही, नुसता सदरा. पडवीत तिच्यासमोर मांडी घालून बसले. खिलारे हवालदार दाराशी उभे राहिले. मी दोन ताटं आणून ठेवली. दोन्ही ताटांत वरच्या अंगाची मिठाची जागा रिकामी होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

गोजराबाईने भाकरीचा अगदी लहान तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि जिभेच्या टोकाला लावला. थांबली. मग तोंडात टाकला. मग दुसरा, मोठा. मग ती भुकेल्या माणसासारखी खाली मान घालून जेवू लागली.

खिलाऱ्यांनी मिशीतल्या मिशीत हसून माझ्याकडे पाहिलं. वहिनीसाहेबांनी कमाल केली, असा त्यांचा भाव.

ह्यांनी पहिला घास घेतला. मी ह्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. हात पुढे आला नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. चेहरा जसा नेहमी असतो तसा. बाईला मेंढरांचं विचारलं, कोण राखतंय म्हणून. ती म्हणाली, जाऊ राखतीय. मेंढराला अळणी चारा सोसत नाही, अधूनमधून हातावर मीठ घेऊन चाटवावं लागतं, असं काहीतरी ती सांगत होती आणि हे मान हलवत होते. ताट पार स्वच्छ झालं. ह्यांनी आणखी आमटी मागितली. मी वाढली. तीही संपवली.

मग हात धुऊन हे म्हणाले, "मावशी, माझ्या घरचं खाल्लंत. आता सांगा, सिदा कुठे आहे?"

गोजराबाईने पदराने तोंड पुसलं.

"इजापूरच्या अंगाला गेलाय सायेब. माजा मावसभाऊ हाय तिकडं, भिवा. त्याच्या मेंढरांत ऱ्हातूय."

"खरं?"

"तुमचं मीठ खाऊन खोटं बोलायची न्हाई मी."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग उठले. "खिलारे, लिहून घ्या," एवढंच म्हणाले.

दुपारी जीप आली. आलेले निरीक्षक उंचेपुरे, गोरेपान आणि बोलायला गोड होते. ओट्यावर उभ्या उभ्या त्यांनी ह्यांना विचारलं, "बोलली म्हणे?"

"बोलली."

"खरं कशावरून?"

"माझ्यासमोर जेवलीय."

निरीक्षक हसले. पण ह्यांच्या ताटावरून उठलेला माणूस आजवर खोटा निघाला नव्हता, हे जिल्ह्यालाही माहीत होतं. जीप आली तशी विजापूरच्या रस्त्याला लागली. गोजराबाईची कुणाला गरज उरली नाही. ह्यांनी खिलाऱ्यांना सांगून तिला एसटीत बसवून दिलं. जाताना तिने माझ्या गालावरून बोटं फिरवून कानाशी कडाकडा मोडली. सगळी नीट वळत होती.

भिवा नावाचा मावसभाऊ विजापूरकडे होता. त्याची मेंढरंही होती. सिदा मात्र तिथे कधी गेलाच नव्हता. जीप माळरानं तुडवत हिंडत असताना, पार दुसऱ्या टोकाला, सिदा आपल्या लोकांचा घोळका आणि एक वकील बरोबर घेऊन भर दुपारी कोर्टात हजर झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. एवढ्या लोकांनी पाहिल्यावर त्याला कुठल्या ओढ्यात नेऊन पळताना मेला म्हणायची सोय उरली नाही. शिक्षा झाली, ती त्याने भोगली. सुटल्यावर पुन्हा मेंढरांमागे लागला, असं कुणीतरी सांगितलं.

ह्यांची बदली झाली, थेट चंद्रपूरच्या बाजूला. सामान ट्रकमध्ये चढवताना खिलारे मला म्हणाले, "वहिनीसाहेब, साहेबांचं मीठ पहिल्यांदाच वाया गेलं बघा." मी म्हटलं, "असतं एकेकाचं नशीब."

हे त्या प्रकाराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. सांगायचं तर मला पश्चात्ताप झाला नव्हता आणि तो झाल्याचं सोंग मला आणता आलं नसतं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला बरेच महिने गेले. नव्या गावी ह्यांनी आरोपीसाठी घरून ताट मागवलं नाही. पुढे कधीच मागवलं नाही. मारतही नव्हते. माणसाला समोर बसवायचे, विचारायचे, तो सांगेल ते लिहून घ्यायचे, आणि बाकीचं रानोमाळ पायपीट करून शोधायचे. अशा माणसाची बढती जितकी लांबायची तितकी लांबली.

ह्यांना निवृत्त होऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मागल्या उन्हाळ्यात चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं.

पहिल्या दिवशी पहिला घास तोंडात गेला आणि ह्यांचा हात पुढे आला, मान न वळवता, तसाच.

"मिळायचं नाही," मी म्हटलं.

"अगं, हे काय माणसाचं जेवण आहे? माती खाल्ल्यासारखं लागतंय."

"डॉक्टरांना सांगा."

"एका घासातच मेल्यासारखं झालं," हे म्हणाले. महिनाभर हेच. रोज पहिल्या घासाला तोंड वाकडं, रोज कुरकुर. मग हळूहळू सवय झाली. म्हणायचे, "चला, बरं झालं. आता मी कुणाच्याच मिठाला बांधलेला नाही."

एका घासात कळतं, हे मला त्या महिन्यात रोज दिसत होतं. त्या सकाळचं ते स्वच्छ केलेलं ताट आणि वर मागून घेतलेली आमटी माझ्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी एक दिवस जेवायला वाढून मी समोर बसले.

"एक विचारू?"

"विचार."

"गोजराबाई जेवली त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. मी घातलं नव्हतं, मुद्दाम. तुम्हाला कळलं होतं का?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. आमटीत बुडवला. सावकाश चावून खाल्ला. मग मान वर करून माझ्या डोळ्यांत बघितलं.

"नाही," हे म्हणाले. "मला काय कळणार? माझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं."

आणि वाटी पुढे केली. मी आमटी वाढली. ताटाच्या वरच्या अंगाला, जिथे मीठ वाढतात, तिथली जागा रिकामी होती.